छबुबाईचा नंबर पहिला

शिवशंकर सरांचा दूधवाल्यावर संशय होता, यात नवल नाही. पाटोद्यात तो सगळ्यांचाच असतो. पण सरांचा संशय म्हशीपर्यंत पोचायचा. "ही उन्हाळ्यातही एवढंच दूध देते?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर दूधवाला म्हणाला, "सर, तिलाच इचारा. माझ्यावर तर तुमचा भरोसा न्हाई." माणूस सरळ उत्तर टाळतो आहे, एवढं सरांनी मनात टिपून ठेवलं.

लग्नपत्रिका आली की ते तारीख पंचांगात पडताळून बघत. कुणी "येतो सर" म्हणून उठला, की खिडकीतून बघत, खरंच गेला का. आणि स्वतः मात्र कशाचीच ग्वाही देत नसत. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "सर, आज मंगळवार ना?" तर म्हणायचे, "कॅलेंडर तरी तसं म्हणतंय." त्यांच्या तोंडून निखळ 'हो' लोकांनी एकदाच ऐकला होता, साखरपुड्यात, आणि तोसुद्धा सासऱ्यांनी दोनदा विचारल्यावर.

पाटोद्याच्या बाहेर, रस्त्याला लागून जे कॉलेज आहे, तिथं सर पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवत. शिकवत म्हणजे सर सांगत आणि पोरं लिहून घेत. खरे कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत कव्हर पांघरून झोपलेले असत. वर्षातून दोनदाच त्यांना उठवायचं. एकदा प्रॅक्टिकलला आणि एकदा खंडेनवमीला, हार घालायला. पोरं पास व्हायची, सर घरी जायचे, कुणाची काही तक्रार नव्हती.

यंदा मात्र संस्थेचे सचिव विजयसिंह भाऊ पुण्याला कुठल्याशा कार्यक्रमाला गेले आणि माणूस पुण्याहून बाकरवडी आणतो तशी शिकवण्याची नवी पद्धत घेऊन आले. पहिल्या दिवसापासून पोरांनी हातानं काम करायचं. दोघादोघांची जोडी करायची, आपल्या गावात काय अडलंय ते शोधायचं, आणि ते सुटेल असा प्रोग्रॅम बनवायचा. अडलं तर सरांना विचारायचं. परीक्षेआधी दोनदा सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं, त्याचे निम्मे मार्क.

"एवढी वर्षं आपण पोरांना वहीत पोहायला शिकवलं, सर," भाऊ मीटिंगमध्ये म्हणाले. "आता विहिरीत ढकला."

"आणि बुडाली तर?"

"तुम्ही काठावर आहातच की!"

सरांना लगेच वास आला. मास्तरनं नुसतं काठावर उभं राहायचं, तर उद्या भाऊ म्हणतील, काठावर उभं राहायला शिपाईसुद्धा चालतो. पुढचे आठ दिवस ते भाऊंच्या गाडीतून कोण उतरतं, कोण चढतं यावर नजर ठेवून होते.

पण धक्का दिला तो पोरांनीच. सप्टेंबरात पहिला डेमो झाला. चार गावांच्या चार जोड्या उठल्या आणि चारींनी पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार लायब्ऱ्या काढल्या. एकाच रंगाच्या, एकाच चालीच्या. त्यातल्या एकीच्या पहिल्या पानावर कुठल्याशा लांबच्या कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं होतं.

"हे कुणाचं कॉलेज?" सरांनी विचारलं.

"मामाचं, सर."

"तुझ्या मामाचं कॉलेज आहे?"

"मामा तिथं शिकायला व्हता."

"बरं. तुझ्या गावात लायब्ररी आहे का?"

"न्हाई सर. म्हणून तर प्रश्न हाय."

सर चौकशीला लागले. बीडला एका दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, असं त्यांना कळलं. वहीसकट, बाइंडिंगसकट. आईवडिलांचे आणि मार्गदर्शक शिक्षकांचे मानलेले आभारसुद्धा छापून मिळतात. फक्त मार्गदर्शकाचं नाव रिकामं. त्या रिकाम्या जागेचा सरांना सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी आपला कायदा सांगितला. "दुकानातलं नीट चालतं. स्वतः केलेलं अडखळतं. ज्याचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात नीट चालेल, त्यानं विकत आणलाय असं मी धरणार."

झालं. पोरं काही कमी नव्हती. तयार प्रोग्रॅम आणायचा, आणि त्याच्या शेपटीला एक ओळ जोडून त्याचा पाय मोडायचा, अशी युक्ती वर्गात पसरली. ऑक्टोबरच्या डेमोला काय तमाशा! एकाचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तर तो टाळी देऊन म्हणाला, "सर, बघा, अडकला!" शेजारचा पडेल चेहऱ्यानं बटणं दाबत होता. "तुझं काय झालं बे?" असं मित्रानं विचारलं, तर कुजबुजला, "चालायला लागलंय राव, थांबंनाच."

पण चोर हुशार, तर गावचं कुत्रंही हुशार होतं. मोडका पाय आणि मुद्दाम मोडलेला पाय यातला फरक सरांना कळला. अंगभूत चूक प्रोग्रॅमच्या पोटात असते. घातलेली चूक अगदी शेवटी, एकटी, पाहुण्यासारखी उभी असते. दोन जोड्या त्यांनी अशाच पकडल्या. मग तिसरी उठली: दीपमाला आणि सत्यम, दोघंही बोरवाडीचे.

त्यांनी गिरणी आणली होती. बोरवाडीत दळणाच्या गिरणीत बायकांची दुपार जायची. रांगेत डबा ठेवायचा आणि नंबर येईपर्यंत तिथंच बसायचं, कारण पाठ फिरली की डबा मागं सरकतो, आणि आपोआप सरकला असं सगळ्या सांगतात. म्हणून यांनी सोय केली होती. गिरणीवाली मोबाइलवर नाव टाकणार, डब्याला नंबर मिळणार, आणि नंबर जवळ आला की घरी फोनवर निरोप जाणार. तोवर बाईनं आपलं काम करावं.

सरांनी स्वतः नावं सांगून बघितली. नीट चाललं. सरांच्या कपाळाला आठी पडली. मग सत्यमनं, हाताला सवय असावी तसं, सहावं नाव टाकलं: छबुबाई. आणि छबुबाई सगळ्यांना ओलांडून पहिल्या नंबरावर जाऊन बसली.

"उघड प्रोग्रॅम," सर म्हणाले.

उघडला. अगदी शेवटी, एकटी, पाहुण्यासारखी एक ओळ उभी होती. तिचा अर्थ एवढाच: नाव छबुबाई असेल, तर नंबर पहिला.

"तिसरी जोडी," सर म्हणाले. त्यांना एक प्रकारचं समाधान झालं होतं. "बीडहून आणलं आणि शेवटी चूक चिकटवली."

"सर, ती चूक न्हाई," सत्यम म्हणाला. "ती छबुबाई हाय."

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी "छबुबाईचा विजय असो" म्हणालं. सरांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय. "शून्य," ते म्हणाले आणि पुढच्या जोडीकडं वळले.

दीपमाला वर्ग सुटल्यावर दारात उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते आणि अर्धं बोरवाडी कारखान्याकडं निघतं. बापानं तिला कॉलेजला घातलं होतं ते एका बोलीवर.

"आबा म्हणलेत, पहिल्याच खेपेला नापास झालीस तर संगं चल, मोळ्या बांधायला. परवा गाडी यायलीय, सर. आमी खरंच केलंय."

"खरंच केलंय असं सगळेच म्हणतात."

"मग येऊन बघा की. गिरणी हाय, छबुबाई बी हाय."

ती गेली. सर तिथंच उभे राहिले. गाडी परवा येणार, हे तरी खरं कशावरून? पण 'येऊन बघा' हे शब्द त्यांना टोचले. बीडच्या दुकानाचं गिऱ्हाईक सहसा असं म्हणत नाही. का म्हणत असेल, मुद्दाम, खात्री वाटावी म्हणून?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सरांनी स्वतःच्या हातानं गव्हाचा डबा भरला आणि मोटारसायकलला मागं बांधायला घेतला. त्यांची बायको वनमालाबाई दारात येऊन बघत राहिल्या. संसारात हा माणूस गिरणीत एकदाही गेला नव्हता.

"कुठं?"

"दळण आणायला."

"गिरणी समोर आहे."

"जरा लांब जाऊन येतो."

वनमालाबाईंनी डोळे बारीक केले. इतक्या वर्षांच्या सहवासात थोडा गुण त्यांनाही लागला होता. "लांबच्या गिरणीत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

बोरवाडीची गिरणी देवळाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत होती. चालवणारी चंद्रभागाबाई दीपमालाची आत्या, पण सरांना ते ठाऊक नव्हतं. दाराशी डब्यांची रांग होती. प्रत्येक डब्याच्या झाकणावर खडूनं आकडा. मोजक्या बायका सावलीला बसलेल्या. भिंतीवर, पिठाची पुटं चढलेला एक मोबाइल खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला. सरांनी तो लांबूनच ओळखला आणि ओळख दाखवली नाही.

"नाव?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"शंकर," सर म्हणाले. अर्धं खरं होतं.

"गाव?"

"पाटोदा."

सावलीतल्या बायका सरांच्या बुटांकडं बघायला लागल्या.

"पाटुद्याच्या गिरण्या बंद पडल्यात व्हय?" चंद्रभागाबाई म्हणाली. "वाटंतल्या गिरण्या सोडून इथं कावून आलात?"

"इथलं पीठ बारीक असतं असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्याच पद्धतीनं उलटतपासत होतं, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"लाइटवाला असंल," एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, सरांना ऐकू जाईल इतक्या हळू. "मीटर बघाया आलाय. डबा तर बहाणा."

"न्हाई गं, लाइटवाला डबा कशाला आणंल. पोरीला स्थळ बघाया आला असंल कुणाच्या."

"गहू घिऊन?"

सरांचा नंबर जवळ आला होता. पुढचा डबा त्यांचाच. तेवढ्यात गल्लीच्या टोकापासून एक आवाज येऊ लागला. आधी आवाज आला, मग डोक्यावरचा डबा दिसला, मग खाली बाई. ठेंगणी, नऊवारी खोचलेली. तिनं रांगेकडं बघितलंसुद्धा नाही. डबा थेट जात्याच्या तोंडाशी ठेवला. चंद्रभागाबाईनं मोबाइलवर बोट टेकवलं, आणि सरांचा नंबर एकानं मागं गेला.

सर पुढं झाले. "थांबा. नंबर माझा आहे."

"ह्यो कोण?" बाईनं चंद्रभागाबाईला विचारलं, सरांना नाही.

"पाटुद्याचा हाय. शंकर."

"शंकरा," बाई म्हणाली, "मी छबुबाई. ह्या गिरणीचा दगड बसवला तवा पहिलं दळण माझं पडलंय. तवापास्नं मी माज्या आदी कुणाला बघितलं न्हाई. तुला घाई आसंल तर पाटुद्याला जा. तिथं छबुबाई न्हाई."

सर एक पाऊल मागं सरले. भीतीनं म्हणा, आनंदानं म्हणा. छबुबाई होती! पण लगेच दुसरा विचार आला: हिला पढवून ठेवली असेल तर? त्यांनी तिच्याकडं पुन्हा एकदा बघितलं. हिला कुणी काही पढवेल, हे त्यांच्यासारख्या माणसालासुद्धा पटेना.

छबुबाई पीठ घेऊन गेल्यावर चंद्रभागाबाईची जीभ मोकळी झाली. "तोंडाला लागू नका तिच्या. पोरांनी ह्ये मोबाइलचं केलं तवा पहिल्या दिशी तिला सातवा नंबर आला. तिनं खिळ्यावरला मोबाइल काढला, आपल्या डब्यात घातला, झाकण लावलं, गेली घरी. पोरं येऊन बघत्यात तर मोबाइल न्हाई. शेवटी फोन लावला, तर ज्वारीतून वाजाया लागला!"

"मग?"

"मग काय. पोरं तिच्या दारात जाऊन बसली. ती म्हणली, त्या डबड्याला सांगा छबुबाई कोण हाय ते. सांगितलं पोरांनी. तवापास्नं गप हाय."

सर डब्यावर बसले. ती ओळ शेवटी का होती, ते आता त्यांना कळलं. ती शेवटी होती कारण छबुबाई शेवटी उपटली होती. आणि बीडच्या दुकानदाराची काय बिशाद, की त्याला बोरवाडीच्या छबुबाईची बातमी असावी! सरांनी आयुष्यभर लबाडीवरून माणूस ओळखला होता. इथं लबाडीवरूनच इमान सापडत होतं. वशिल्याची ती एक ओळ होती म्हणूनच बाकीचा प्रोग्रॅम पोरांचा होता.

तेवढ्यात दीपमाला बापाबरोबर आली. आसाराम बहिणीचा निरोप घ्यायला आला होता. त्याच्या खांद्यावर नवा दोर होता, गाडीत सामान बांधायचा. सरांना बघून पोरगी जागीच थबकली.

"सर?"

"सर?" चंद्रभागाबाई म्हणाली. "ह्यो शंकर?"

"म्हणजे लाइटवाला न्हाई," म्हातारी निराशेनं म्हणाली.

आसारामनं दोर खाली ठेवला. सरांना आपादमस्तक न्याहाळलं. ती नजर सरांना चांगली ओळखीची होती; रोज आरशात भेटायची.

"तुमीच शिकवता हिला?"

"हो... म्हणजे, तसंच म्हणायचं."

"पण पोरगी म्हणती, तुमी शिकवतच न्हाई. फळ्यावर काय लिवत न्हाई म्हणं. गिरणीत जाऊन बसा म्हणता." आसाराम पुढं सरकला. "आता मला सांगा, गिरणीत बसाया कालेज कशाला पायजे? ती जन्मल्यापासून बसतीच हाय की इथं. का तुमी घरी बसून मजा मारता, आन पोरं फिरवता?"

हाच संशय सरांना स्वतःला जूनपासून होता. त्यांनी विजयसिंह भाऊंचं विहिरीचं भाषण तोंडात जुळवायला घेतलं, पण आसारामच्या चेहऱ्याकडं बघून ते गिळलं.

"हे बघा," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी फळ्यावर रांग शिकवली. कॉम्प्युटरमध्येही रांग असते. जो आधी आला, तो आधी जाणार. पोरं लिहून घेत, पेपरात तसंच लिहीत, मी मार्क देई. पण छबुबाई आली तर काय करायचं, हे आजवर मला एका पोरानं विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. हिनं विचारलं, आणि उत्तरही काढलं."

आसाराम ऐकत होता. पटलं का, कळत नव्हतं.

"ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळत न्हाई. ही म्हणली सरांनी शून्य दिलं. उद्या गाडी हाय. एकच सांगा. हिनं केलंय का दुसऱ्याचं आणलंय? आन पास हाय का न्हाई? बहुतेक-बिहुतेक नगं. मी गेलो की सा म्हैने इकडं बघाया कुणी न्हाई. नीट सांगा."

गिरणी थांबलेली होती. बायका, चंद्रभागाबाई, सगळ्या सरांच्या तोंडाकडं बघत होत्या. दीपमाला मात्र खाली बघत होती, झाकणावरच्या खडूच्या आकड्याकडं.

सरांच्या जिभेवर 'दिसतंय तरी तसं' येऊन बसलं होतं. ओळ यांनी घातली हे खरं, पण बाकीचं? निरोप पाठवायचा तुकडा कुठून बघून तर लिहिला नसेल? एखादा माणूस पूर्ण खरा असतो, असं कधी झालंय का? बोलून बसलो आणि उद्या काही निघालं, तर हा बाप सहा महिन्यांनी कोयता घेऊन कॉलेजात येईल. हे सगळं त्यांच्या डोक्यात फिरून गेलं. आसाराम वाट बघत होता.

"हो," सर म्हणाले. "तिनंच केलंय. पास आहे."

बोलल्यावर त्यांना उंचावरून उडी मारल्यासारखं वाटलं. आसारामनं आणखी थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं, मग दोर उचलून खांद्यावर टाकला.

"अक्का," तो बहिणीला म्हणाला, "मग दिपा तुझ्याकडंच ऱ्हाईल. जेवायचं बघ तिच्या." आणि सरांकडं न बघता म्हणाला, "सरांचं दळण घे आदी."

दीपमालानं झटकन तोंड फिरवलं आणि पिठाची चाळण झटकायला लागली. ती आधीच झटकलेली होती.

पीठ घेऊन सर गावाबाहेर आले, तर वडाखाली सत्यम उभा. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, दात सगळे दिसत होते.

"सर, थँक यू."

सरांनी गाडी थांबवली. मघाच्या त्या 'हो'ची त्यांना अजून खात्री वाटत नव्हती. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"सत्यम, मार्क दिले. ते आता जात नाहीत. पण खरं सांग. त्यात काहीतरी उचललंय ना?"

सत्यमनं पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ मारली. "सर... पहिल्या पानावर गिरणीचं चित्र हाय ना. ते नेटवरून घेतलंय. आमच्या गिरणीचा फोटू चांगला येत नव्हता."

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. चेहरा खुलला. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले, गाडीला किक मारली, आणि पाटोद्याला पोचेपर्यंत गुणगुणत गेले.